पाश्चराइज्ड म्हणजे शिजलेलं नव्हे

कार्टन उघडायचं, ग्लासात ओतायचं, प्यायचं. कवच फोडायला नको, बलक वेगळा करायला नको, गॅस पेटवायला नको. द्रवरूपात मिळणाऱ्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची सोय एवढी सरळ आहे. २५० मिलीच्या एका ग्लासात २७ ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं, तेही साधारण १३० कॅलरींत आणि जवळजवळ शून्य चरबीसह. दुधातली साखर ज्यांना पचत नाही त्यांनाही ते चालतं, कारण त्यात लॅक्टोज नसतं.

मात्र कार्टनवर छापलेला ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. हा माल जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित केलेला आहे, एवढंच तो सांगतो. आतलं प्रथिन शिजलेलं आहे, असं तो सांगत नाही. या दोन गोष्टींत जवळपास २५ अंश सेल्सिअसचं अंतर आहे आणि हे द्रव पिण्याबाबतचे बहुतेक गोंधळ त्या अंतरात सापडतात.

आत नेमकं काय असतं

मोठ्या अंड्यातला पांढरा भाग साधारण ३३ ग्रॅमचा असतो. त्यातलं जवळपास ८८ टक्के पाणी. प्रथिन सुमारे ३.६ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम द्रवात १०.९ ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि ५२ कॅलरी. कार्टनवरचा आकडा १० ते ११ ग्रॅमांच्या दरम्यान असेल तर तो योग्य आहे. त्याहून बराच कमी असेल, तर घटकांच्या यादीत पाणी, घट्टपणा आणणारा डिंक किंवा चव-रंग यांपैकी काहीतरी दिसेल. मापायला सोपं गणित: २ टेबलस्पून म्हणजे ३० मिली, म्हणजे साधारण एका अंड्याचा पांढरा भाग. २५० मिलीत जवळपास आठ अंड्यांचा पांढरा भाग येतो. हा आठाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

या प्रथिनाचा दर्जा उत्तम आहे. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात आहेत. स्नायू बांधण्याची क्रिया सुरू करणारं ल्यूसिन १०० ग्रॅममध्ये सुमारे १ ग्रॅम आहे. बरोबर सोडियमही येतं, १०० ग्रॅममागे १६५ मिलिग्रॅमच्या घरात. भरलेल्या ग्लासात ते चारशेच्या पुढे जातं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा २,००० मिलिग्रॅम सांगितली आहे, तेव्हा एका ग्लासात त्यातला पाचवा हिस्सा संपतो. मीठ न घालताही हे द्रव किंचित खारट का लागतं, तेही यावरून कळतं.

जे मिळत नाही तेही सांगायला हवं. अ, ड आणि ई जीवनसत्त्वं, कोलीन, ल्यूटीन, बहुतेक बी-१२ हे सगळं पिवळ्या बलकात असतं. पांढरा भाग म्हणजे प्रथिन, पाणी, रायबोफ्लेविन, सेलेनियम आणि थोडी खनिजं. अंड्याची जागा तो घेऊ शकत नाही. त्याच्याकडे फक्त प्रथिनाचा एक स्रोत म्हणून पाहावं.

तापमानाच्या तीन पायऱ्या

पांढऱ्या भागात एकच प्रथिन नसतं. निम्म्याहून थोडं जास्त, सुमारे ५४ टक्के, ओव्हाल्ब्युमिन असतं. ओव्होट्रान्सफेरिन १२ टक्क्यांच्या आसपास, ओव्होम्यूकॉइड ११ टक्के, लायसोझाइम आणि ओव्होम्यूसिन प्रत्येकी साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. उरलेल्यांत बायोटिन या जीवनसत्त्वाला पकडणारं ॲव्हिडिन, जेमतेम ०.०५ टक्के. प्रत्येक प्रथिनाचं उलगडण्याचं, म्हणजे शिजण्याचं, तापमान वेगळं असतं.

पहिली पायरी ५६ ते ५७ अंशांची. अमेरिकी कृषी खात्याच्या जुन्या नियमांत पांढऱ्या भागासाठी ५६.७ अंशांवर साडेतीन मिनिटं किंवा ५५.६ अंशांवर ६.२ मिनिटं अशी किमान अट होती. एवढ्या उष्णतेत साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू मरतो आणि द्रव द्रवच राहतं. अख्ख्या अंड्याच्या द्रवासाठी हीच अट ६० अंशांची होती. पांढऱ्या भागाला तेवढं तापवता येत नाही, कारण दुसरी पायरी फार जवळ आहे. ६१ ते ६५ अंशांच्या दरम्यान ओव्होट्रान्सफेरिन उलगडतं आणि द्रव दुधाळ होऊन घट्ट व्हायला लागतं. कारखान्यातल्या नळ्यांत तसं झालं तर सगळं यंत्र तुंबेल. काही उत्पादक लॅक्टिक आम्लाने आम्लता बदलून आणि ॲल्युमिनियम सल्फेट घालून या नाजूक प्रथिनाला स्थिर करतात आणि मग ६० अंशांच्या थोडं वर जातात. पण तिथेही द्रव गोठू न देणं हीच मर्यादा असते.

तिसरी पायरी ८० ते ८५ अंशांची. ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे प्रथिनाचा निम्म्याहून मोठा हिस्सा, इथे उलगडतो. ॲव्हिडिनही साधारण इथेच निकामी होतं. पाश्चरीकरण या पायरीच्या आसपासही जात नाही. म्हणून कार्टनमधलं द्रव जंतूंच्या हिशेबात स्वच्छ असलं, तरी पोटाच्या हिशेबात ते कच्च्या पांढऱ्या भागाच्या बरंच जवळ असतं.

पचन: किती अंगी लागतं

कच्चं प्रथिन घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्याच्या गुंड्यासारखं असतं. पाचक एन्झाइम हा दोरा ठरावीक जागी कापतात, पण त्या जागा गुंड्याच्या आत दडलेल्या असतात. उष्णतेने गुंडा सैल होतो आणि कात्री आत पोहोचते. त्यातच कच्च्या पांढऱ्या भागात पाचक एन्झाइमांना अडवणारी प्रथिनंही असतात.

१९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी हे माणसांत मोजलं. लहान आतड्याच्या शेवटी कृत्रिम मार्ग केलेल्या पाच रुग्णांना २५ ग्रॅम अंड्याचं प्रथिन एकदा शिजवून आणि एकदा कच्चं दिलं आणि न पचता बाहेर काय येतं ते तपासलं. शिजवलेलं सुमारे ९१ टक्के पचलं, कच्चं ५१ टक्के. पुढच्या वर्षी निरोगी माणसांत वेगळ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ९४ आणि ६५ टक्के असे आकडे आले. कार्टनवर २७ ग्रॅम लिहिलेलं असताना हाती १४ ते १७ ग्रॅम लागणं आणि २५ ग्रॅम लागणं यातला हा फरक आहे. हे प्रयोग कच्च्या अंड्यावरचे आहेत. पाश्चरीकरणात ओव्हाल्ब्युमिन जवळपास जसंच्या तसं राहतं, त्यामुळे कार्टनमधल्या द्रवासाठीही कच्च्याकडचाच आकडा धरणं शहाणपणाचं.

याची दुसरी बाजूही आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या ४५ तरुणांना वजनं उचलून झाल्यावर पाच कच्ची अंडी, पाच उकडलेली अंडी किंवा कमी प्रथिनाचा नाश्ता दिला होता. उकडलेल्या अंड्यांनंतर रक्तात अमिनो आम्लं जास्त दिसली, पण पुढच्या काही तासांत स्नायूंमध्ये प्रथिन तयार होण्याचा वेग अंडी खाणाऱ्या दोन्ही गटांत सारखाच निघाला. तिथे प्रथिन ३० ग्रॅम होतं, बलकासह. यावरून आमचं मत असं, की व्यायामानंतर पोटभर प्रथिन घेणाऱ्याचं एखाद्या कच्च्या ग्लासाने मोठं नुकसान होत नाही. पण जो दिवसभराच्या प्रथिनाचा हिशेब ग्रॅमात लावतो आणि त्यातला मोठा भाग या द्रवातून घेतो, त्याचा हिशेब कागदावरच जुळतो.

न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. पांढऱ्या भागात गंधक असलेली अमिनो आम्लं भरपूर असल्याने होणारा वायू दुर्गंधी असतो. मोठा ग्लास प्यायल्यावर चार-सहा तासांनी पोट गच्च होणं, गुडगुडणं, उग्र वास येणं या तक्रारींचं मूळ बहुधा इथेच असतं. माल खराब निघाला असा संशय घेण्याआधी तेवढाच भाग शिजवून खाऊन पाहा. त्रास गेला तर कारण सापडलं.

ॲव्हिडिन आणि बायोटिन

१९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना कच्चा वाळवलेला पांढरा भाग हेच प्रथिन म्हणून दिलं. उंदरांची त्वचा सोलवटली, केस गळले. तोच पांढरा भाग उष्णतेने गोठवून दिला तेव्हा हा त्रास झाला नाही. १९३६ मध्ये अंड्याच्या पिवळ्या बलकातून बायोटिन वेगळं काढलं गेलं आणि १९४०च्या सुमारास कोडं सुटलं. पांढऱ्या भागात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन आहे आणि ते बायोटिनला अशी मिठी मारतं की आतड्यातले एन्झाइम ती सोडवू शकत नाहीत. ही जोडी तशीच शरीराबाहेर जाते. एकाच अंड्यात बलकात जीवनसत्त्व आणि पांढऱ्यात त्याला पकडणारं प्रथिन, अशी ही रचना आहे. बायोटिनशिवाय बरेच जिवाणू वाढू शकत नाहीत, हे पाहिलं तर पांढऱ्या भागाने पिल्लासाठी केलेली ही राखण वाटते.

आता तो आठाचा आकडा. एका पांढऱ्या भागात साधारण १.८ मिलिग्रॅम ॲव्हिडिन धरलं, तर आठांत १४ मिलिग्रॅम. ॲव्हिडिनचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू धरतो. वजनात सांगायचं तर १ मिलिग्रॅम ॲव्हिडिन १४ मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन अडकवतं. एका ग्लासाची क्षमता झाली सुमारे २०० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसासाठी दिवसाला पुरेसं धरलेलं बायोटिन आहे ३० मायक्रोग्रॅम. कोंबडीनुसार ॲव्हिडिन कमीजास्त होतं, पण फरक इतका मोठा आहे की निष्कर्ष बदलत नाही. रोज एक ग्लास न शिजवता प्यायला, तर आहारातून येणारं बायोटिन अडवायची पूर्ण क्षमता त्यात आहे. एखादा कच्चा बलक त्यात घातल्याने भरपाई होत नाही. बलकात जेमतेम १० मायक्रोग्रॅम बायोटिन असतं.

लगेच काही होत नाही, कारण शरीरात साठा असतो आणि शरीर बायोटिन पुन्हा पुन्हा वापरतं. १९४२ साली अमेरिकेत चार स्वयंसेवकांना दिवसाला सुमारे २०० ग्रॅम वाळवलेला कच्चा पांढरा भाग असलेल्या आहारावर ठेवलं होतं. काही आठवड्यांत त्वचेला बारीक खपल्या आल्या, पुढे उदासी, मरगळ, स्नायूदुखी आणि अन्नावरची वासना उडणं अशी लक्षणं दिसली. रोज १५० ते ३०० मायक्रोग्रॅम बायोटिन टोचल्यावर ती काही दिवसांतच ओसरू लागली. ते प्रमाण फार मोठं होतं, एका ग्लासाच्या कितीतरी पट. पण महिनोन्‌महिने रोज पिणाऱ्याने लक्षणं ओळखून ठेवावीत: केस विरळ होणं, डोळे-नाक-तोंडाभोवती लाल खपलीदार पुरळ, हातापायांना मुंग्या, कारण नसताना थकवा. अशा वेळी डॉक्टरांना ‘मी रोज इतकं कच्चं द्रव पितो’ हे स्वतःहून सांगायला हवं. सांगितल्याशिवाय त्यांच्या ध्यानात येण्याचं कारण नाही. फिट्स येऊ नयेत म्हणून कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या शरीरातलं बायोटिन आधीच कमी झालेलं असू शकतं. त्यांनी हे द्रव न शिजवता पिऊ नये.

शिजवायचं तर कसं

सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग म्हणजे गरम खिरीसारख्या पदार्थात मिसळणं. ४० ग्रॅम ओट्स २५० मिली पाण्यात किंवा दुधात शिजवून घ्या, आच मंद करा. १०० ते १२० मिली द्रव वाटीत घेऊन त्यात गरम ओट्सचे दोन-तीन मोठे चमचे घालून ढवळा, मग ते मिश्रण बारीक धारेने भांड्यात ओता. हात थांबवू नका. दोन ते तीन मिनिटांत सगळं दाट, मऊ होतं आणि कच्ची पारदर्शक तार दिसेनाशी होते. खळखळ उकळत्या ओट्समध्ये थंड द्रव एकदम ओतलं, तर जिथे पडलं तिथेच गोठून पांढरे लोळे होतात. चमच्याने कितीही घोटा, ते मोडत नाहीत.

तव्यावर करायचं तर २० सेंटिमीटरचा न चिकटणारा तवा, चमचाभर तेल, २०० मिली द्रव, मंद आच, वर झाकण. चार-पाच मिनिटांत वरचा थर पांढरा आणि कोरडा दिसला की उतरवा. आच मोठी ठेवली तर तळ रबरासारखा होतो आणि ताटलीत पाणी सुटतं. प्रथिनाची जाळी गरजेपेक्षा जास्त आवळली गेली की आत धरलेलं पाणी पिळून बाहेर पडतं, त्याचंच ते पाणी.

मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या मगात १५० मिलीपेक्षा जास्त घेऊ नका. ते दुपटीने फुगतं. मध्यम शक्तीवर ३० सेकंद, ढवळा, पुन्हा ३० सेकंद, असं मधोमध ओलसरपणा संपेपर्यंत. एका दमात दोन मिनिटं लावली तर कडा चिवट आणि मध्य कच्चा, आणि बऱ्याचदा मगाबाहेर फेस.

अर्धवट गोठलेल्या, थरथरत्या पांढऱ्यात ॲव्हिडिनचा काही भाग शाबूत राहतो. म्हणून रोज खाणाऱ्याने पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवावं.

गरम कॉफीत हे द्रव घालायची कल्पना मात्र फसते. ताज्या कॉफीचं तापमान दुसऱ्या पायरीच्या वर असतं, तेव्हा कपात तारा होतात. कॉफी निवू दिली तर तारा होत नाहीत, पण मग प्रथिनही शिजत नाही.

तरीही प्यायचंच असेल तर

एका वेळी १०० ते १५० मिली, आणि रोज नको. प्रवासाच्या, घाईच्या दिवशी. १५० मिली दूध किंवा पाणी, एक केळं, चमचाभर कोको आधी ब्लेंडरमध्ये नीट फिरवून घ्या. द्रव सगळ्यात शेवटी घाला आणि सगळ्यात कमी वेगावर पाच-सात सेकंद फिरवा. आधीपासून घालून मिनिटभर फिरवलंत तर ग्लासभर फेस मिळेल. ती हवा पोटात जाऊन ढेकर आणि फुगारा होतो, शिवाय प्रथिन वाढत नाही ते नाहीच. बाटलीत हलवायचं तर जोरजोराने हलवण्यापेक्षा उलटसुलट करा.

घरी फोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग असा पिऊ नये. साल्मोनेला कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात उतरू शकतो, कवच कितीही स्वच्छ धुतलं तरी. आणि ‘शिजवूनच वापरा’ असं ज्या कार्टनवर लिहिलं असेल, ते पाश्चराइज्ड असलं तरी शिजवूनच वापरा. केक-मेरँगसाठी विकल्या जाणाऱ्या काही प्रकारांत फेस टिकवणारे घटक घातलेले असतात, ते पिण्यासाठी निवडू नका.

अंड्याची ॲलर्जी असेल तर शिजवूनही हे चालत नाही. ओव्होम्यूकॉइड उष्णतेला दाद देत नाही आणि ॲलर्जीतला मोठा गुन्हेगार तेच आहे. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी शिजवूनच खावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांची गोष्ट दोन प्रकारची आहे. डायलिसिसवर असणाऱ्यांना प्रथिन जास्त लागतं आणि फॉस्फरस नकोसा असतो. पांढऱ्या भागात १०० ग्रॅममागे फॉस्फरस फक्त १५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे, म्हणून त्यांना तो मुद्दाम सुचवला जातो. डायलिसिस सुरू न झालेल्या रुग्णांना उलट प्रथिनावर मर्यादा असते. दोघांनीही प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

साठवण

कार्टन ४ अंशांखाली, फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावं. दारातल्या कप्प्यात तापमान सारखं वरखाली होतं. पाश्चरीकरणाने जंतू खूप कमी होतात, पण मालाचं निर्जंतुकीकरण होत नाही. झाकण उघडलं की बाहेरचे जंतू आत येतात, आणि लिस्टेरियासारखे काही फ्रीजमधल्या थंडीतही वाढतात. उघडल्यावर तीन दिवसांत संपवणं सगळ्यात निर्धास्त. उत्पादक काही वेळा सात दिवस देतात, ते फ्रीज खरोखर थंड असेल आणि कार्टन बाहेर राहिलं नसेल तरच धरा. कार्टनला तोंड लावून पिऊ नका. शेक करून बॅगेत नेणार असाल तर बर्फाची पिशवी सोबत हवी. खोलीच्या तापमानाला दोन तासांवर गेलं तर टाकून द्या.

द्रवाला हलकी पिवळसर-हिरवट झाक असणं हे खराबीचं लक्षण नाही. तो रायबोफ्लेविनचा रंग आहे. गुलाबी छटा, इंद्रधनुषी चमक किंवा झगमगता हिरवा रंग दिसला तर ते जिवाणूंचं काम आहे. फुगलेलं कार्टन आणि आंबूस किंवा कुजका वास यांनाही तोच न्याय: चव घेऊन खात्री करू नका, फेकून द्या.

मोठं कार्टन तीन दिवसांत संपणार नसेल तर उघडल्याच दिवशी गोठवा. पिवळा बलक गोठवल्यावर लापशीसारखा होतो, पांढऱ्या भागाचं तसं होत नाही. बर्फाच्या साच्यात प्रत्येक खणात ३० मिली ओतलं की एक तुकडा म्हणजे एक अंडं, मापायची गरज उरत नाही. गोठलेले तुकडे हवाबंद पिशवीत भरून तारीख लिहा. लागतील तेवढे आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर वितळवू नका. वितळलेलं पातळ आणि थोडं पाणीदार दिसतं. ओट्समध्ये किंवा तव्यावर शिजवल्यावर तो फरक जाणवत नाही.